दीड फेरा

तो गेला त्याला आता आठ महिने झाले. त्याच्या बायकोने मला घरी बोलावून सांगितलं, "काका, तुम्हाला लिहिता येतं. त्यांच्याबद्दल काहीतरी लिहून द्या. मुलीकडे राहील." मी हो म्हणून आलो. कागद पुढे घेऊन बसलो, तेव्हा लक्षात आलं की या माणसाबद्दल आपल्याला जवळजवळ काहीच माहीत नाही. बावीस वर्षं त्याला पाहिलं, पण बहुतेक पाठमोरं, रस्त्यातल्या खड्ड्यावर वाकलेलं. तो कुठल्या शाळेत गेला, त्याला गाणं आवडायचं का, एकटा असला की काय विचार करायचा, काही म्हणजे काही ठाऊक नाही. आणि लिहिता येतं म्हणावं, तर आयुष्यात मी लिहिले ते पाणीखात्याकडे तक्रारीचे अर्ज. त्यातले निम्म्याहून अधिक याच माणसाविरुद्ध. तेव्हा पुढचं बरंचसं त्याच्या बायकोने सांगितलेलं आहे, थोडं त्याच्याकडून तुकड्या-तुकड्यांनी ऐकलेलं. जिथे मी नव्हतो, तिथलंही असल्यासारखं लिहिलं आहे. चुकलं असेल तर ते माझं.

आमच्या भागात त्याला सगळे चावीवाला म्हणत. कुलपांशी त्याचा काही संबंध नव्हता. रस्त्याखालच्या पाइपांवर जागोजागी व्हॉल्व्ह असतात. कुठल्या गल्लीचं पाणी किती वाजता सोडायचं आणि कधी बंद करायचं, हे त्याचं काम. त्याची चावी म्हणजे छातीएवढ्या उंचीची लोखंडी दांडी. वर धरायला आडवी मूठ, खाली चौकोनी तोंड. खड्ड्याचं झाकण बाजूला करायचं, दांडी आत सोडायची, व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसवायची आणि गोल गोल फेरे द्यायचे. व्हॉल्व्हलाही तो चावीच म्हणे; दिवसाला साठ-सत्तर चाव्या तो अशा फिरवी. त्याचे दंड पाहून नवे लोक विचारत, "व्यायाम करता का?" तो म्हणे, "मी नाही करत. लोकांना आंघोळी करायच्या असतात, म्हणून होतो."

त्याच्याकडे आणखी एक दांडी होती, बारीक आणि गुळगुळीत. तिचं एक टोक पाइपावर टेकवून दुसरं तो कानाला लावायचा आणि गळती ऐकायचा. तो असा उभा असला की वाटावं, पलीकडून कुणी फोनवर आपली कर्मकहाणी सांगतंय आणि हा नुसता 'हं, हं' करतोय. मग दोन पावलं सरकून म्हणायचा, "इथे खणा." तिथे खणलं की पाणी सापडायचंच.

पण त्याची खरी ऐट होती ती निराळ्याच गोष्टीत. गळती कुठेही असो, तो लहानात लहान चावी बंद करायचा. इतर लोक सरळ मोठी चावी फिरवून मोकळे होत. मग चाळीस गल्ल्या कोरड्या पडल्या तरी बेहत्तर. हा मात्र शोधत शोधत शेवटच्या टोकाला जायचा आणि चार घरांपुरतं पाणी तोडायचा. "एका घराच्या भांडणात अख्ख्या वस्तीला कशाला उपाशी ठेवायचं?" असं त्याचं म्हणणं. आणि या लहान चाव्या होत्या कुठे? ऑफिसातल्या नकाशावर फक्त मोठ्या होत्या. लहान सगळ्या त्याच्या डोक्यात. एक छापखान्याच्या पायरीखाली, एक डांबराखाली गाडली गेलेली, एक कुणाच्या तरी फुलझाडांच्या वाफ्यात.

बायको कैकदा म्हणायची, "अहो, लिहून काढा ना एकदा ते सगळं. उद्या तुम्ही आजारी पडलात तर लोकांनी काय करायचं?"

"मला काय धाड भरलीये?"

"भरायला वेळ लागतो होय?"

"तुला नवरा आजारी पडायची भलतीच घाई."

एवढ्यावर विषय संपायचा. मला वाटतं, ते डोक्यात असणं त्याला मनातून आवडत असावं. माणसाला आपण नसलो तर कुणाचं तरी अडेल, हे आवडतंच. मी बोलतोय खरा, पण मी कोण त्याच्या मनातलं सांगणारा?

तर तो पडला तो छापखान्यामागच्या खड्ड्यापाशी. सकाळची वेळ होती. झाकण काढून त्याने बाजूला उभं टेकवलं होतं. व्हॉल्व्ह जुना, अडेलतट्टू. त्याने सगळं अंग टाकून चावी ओढली आणि तिचं झिजलेलं तोंड व्हॉल्व्हच्या डोक्यावरून सटकलं. तो मागच्या मागे गेला, आणि त्या उभ्या लोखंडी झाकणाची कड डावीकडे बरगड्यांच्या खाली कंबरेत बसली. श्वासच अडकला. छापखान्यातला एकजण धावत आला, त्याला त्याने हातानेच 'ठीक आहे' म्हटलं. पाच मिनिटं खड्ड्याच्या काठावर बसला. मग उठून चावी पुन्हा बसवली आणि व्हॉल्व्ह बंद करूनच घरी गेला.

दुपारी लघवी लाल झाली. आपण असतो तर हादरून गेलो असतो. तो हादरला नाही, त्याला एक कारण होतं. पाइप फुटून दुरुस्त झाला की पहिलं पाणी गंजाचं, लाल येतं. थोडं सोडून द्यायचं, मग आपोआप निवळतं. त्याने आयुष्यभर लोकांना हेच सांगितलं होतं: "घाबरू नका, वाहू द्या, निवळेल." तेच त्याने स्वतःला सांगितलं. बायकोला कळलं ते संध्याकाळी, तेही त्याला बूट काढायला वाकता येईना म्हणून.

"काय झालंय?"

"काही नाही. जरा आपटलं."

"कुठे?"

"रस्त्यावर."

"अंगावर कुठे, असं विचारतेय!"

तिने शर्ट वर केला. कंबरेवर ताटलीएवढा काळानिळा डाग होता. तिने शेजारच्याची गाडी मागून आणली आणि त्याला त्यात कोंबलं.

हॉस्पिटलात स्कॅन झाला. डाव्या किडनीला चीर गेली होती, भोवती रक्त साकळलं होतं. एवढंच असतं तर ठीक, असं डॉक्टरांचं म्हणणं. अशा चिरा बहुतेक वेळा निजून राहिल्याने भरून येतात, चाकू लावावा लागत नाही. पण त्याच स्कॅनमध्ये आणखी एक गोष्ट दिसली, जी त्यालाही सत्तेचाळीस वर्षांत कधी कळली नव्हती. त्याची उजवी किडनी जन्मापासूनच खुरटलेली होती. सुकलेल्या जर्दाळूएवढी, नावापुरती. आजवरचा सगळा कारभार डाव्या एकटीनेच सांभाळला होता.

मोठे डॉक्टर, म्हणजे तिथले सर्जन, कमी बोलणारे गृहस्थ होते. ते म्हणाले, "तुमच्याकडे एकच आहे, असं समजून वागा. ती गेली तर आठवड्यातून तीनदा मशीनवर रक्त धुवायला यावं लागेल, कायमचं. म्हणून आता पडून राहा."

पाच दिवस तो पडून राहिला. लघवी लालची गुलाबी झाली, गुलाबीची पिवळी. घरी सोडताना मोठ्या डॉक्टरांनी बोट उगारून बजावलं, "तीन आठवडे काही उचलायचं नाही, ओढायचं नाही, चावीला हात लावायचा नाही. लाल दिसलं की लगेच यायचं."

"आता निवळलंय ना डॉक्टर?"

"निवळलंय. भरलेलं नाही."

हा फरक त्याच्या बायकोच्या ध्यानात राहिला. त्याच्या राहिला नाही. जुन्या पाइपातली बारीक गळती कधीकधी गाळानेच बुजते आणि पुढे वर्षानुवर्षं टिकते, हे त्याने स्वतः कानाने ऐकलेलं होतं. डॉक्टरांनी फक्त चित्र पाहिलं होतं.

आता माझ्याबद्दल थोडं सांगणं भाग आहे. माझं घर गल्लीच्या शेवटाला, जिथे पाणी सगळ्यात उशिरा आणि सगळ्यात कमी येतं. त्याच दिवसांत माझ्या दारासमोर पाइप गळायला लागला. आधी ओल, मग डबकं. बदलीचा माणूस येऊन बघून गेला, डोकं खाजवून गेला. अकराव्या दिवशी सकाळी मी पाणीखात्याच्या ऑफिसात गेलो आणि तक्रारवहीत स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'सदर गळतीकडे संपूर्ण दुर्लक्ष असून चावीवाला गेले दहा दिवस या भागात फिरकलेला नाही. त्याला कामाची आठवण करून द्यावी.' सही केली, तारीख घातली. 'आठवण करून द्यावी' हे मला तेव्हा फार नेमकं वाटलं होतं.

मला माहीत नव्हतं. विचारलं असतं तर कुणीही सांगितलं असतं. मी विचारलं नाही.

बदलीच्या माणसाने ते वाक्य त्याला फोनवर वाचून दाखवलं, गंमत म्हणून. "बघा, तुमचे शेवटच्या घराचे काका काय म्हणतायत!" दोघंही हसले. मग तो माणूस म्हणाला, "पण साहेब सांगतायत, लहान चावी सापडत नसेल तर मोठीच बंद करा आणि खणा. दिवसभर पाणी जाईल सगळ्यांचं, काय करणार."

फोन ठेवून तो खाटेवरून उठला. बायको आत कपडे वाळत घालत होती.

"मी जरा जाऊन येतो," तो म्हणाला.

"कुठे?"

"नुसती जागा दाखवून येतो. हात लावणार नाही."

"शपथ?"

"अगं, बोटाने दाखवायचंय. बोट कंबरेत असतं का?"

तो चालत आला. मी माझ्या खिडकीतून त्याला पाहिलं, आणि मनात म्हणालो, आली वाटतं आठवण. तो नेहमीपेक्षा सावकाश चालत होता, पण ते माझ्या लक्षात आलं असं मी म्हणणार नाही. त्याने माझ्या दारासमोरच्या फुलझाडांच्या वाफ्यात पायाने माती सारली, खाली झाकण निघालं. बदलीच्या माणसाने चावी बसवली आणि फेरे द्यायला लागला. बारा फेरे गेले आणि पुढे चावी हलेना. शेवटचा दीड फेरा राहिला होता. बदलीचा माणूस लोंबकळला, लालबुंद झाला आणि म्हणाला, "जाऊ द्या. मोठी बंद करतो."

"दीडच तर राहिलाय."

"नाही होत."

"होतं. हिला आधी थोडं उलटं फिरवायचं असतं, मग येते." त्याने चावी हातात घेतली. आधी पाव फेरा उलटा दिला, मग सुलटा. एक. मग अर्धा. समोरचं डबकं हळूहळू शांत झालं. त्याने कपाळ पुसलं, माझ्या खिडकीकडे पाहून हात केला. मी पडदा सोडला.

घरी पोचून तो संडासात गेला आणि बाहेर येईना. बायकोने दार ठोठावलं. आतून म्हणाला, "आलो. जरा चक्कर येतेय." दार उघडलं तर तो भिंतीला धरून उभा, चेहरा पांढराफटक, आणि भांड्यात जे होतं त्याला लघवी म्हणता येत नव्हतं. रक्तच होतं, गुठळ्यांसकट.

हॉस्पिटलात एका हाताला सलाइन, दुसऱ्या हाताला रक्ताची पिशवी लागली. शिरेत औषध सोडून पुन्हा स्कॅन काढला. मोठ्या डॉक्टरांनी त्याच्या बायकोला पडद्यापाशी नेऊन दाखवलं. किडनीच्या आत, एका बारीक धमनीला द्राक्षाएवढा फुगा आला होता. चीर भरत असताना आत राहून गेलेली कमकुवत जागा. जोर पडला आणि ती फुटली. रक्त थेट लघवीच्या वाटेने निघालं होतं.

"आता दोन रस्ते आहेत," मोठे डॉक्टर म्हणाले. "मी पोट उघडू शकतो. पण उघडलं की रक्ताचा लोंढा येतो, आणि तो थांबवायला बहुतेक वेळा किडनीच काढून टाकावी लागते. दुसऱ्या कुणाची असती तर मी एवढा थांबलो नसतो, एका किडनीवर माणूस छान जगतो. पण यांची दुसरी नसल्यातच जमा. दुसरा रस्ता असा, की जांघेतल्या धमनीतून एक बारीक नळी घालायची, आतल्या आत किडनीपर्यंत न्यायची आणि नेमकी फुटलेली फांदी आतून बुजवायची. कापाकापी नाही. ते मी करत नाही, आमच्या एक डॉक्टर बाई करतात. त्या आज दुसऱ्या हॉस्पिटलात आहेत. निघाल्यात. तासभर लागेल."

"मग थांबू या की," ती म्हणाली.

"रक्तदाब टिकला तर थांबू. घसरला तर मी उघडणार. तेव्हा माझ्याशी वाद घालायचा नाही."

तिच्यापुढे दोन कागद ठेवले. एक नळीच्या उपायाचा, एक पोट उघडण्याचा. त्यात किडनी काढावी लागली तरी चालेल असं लिहिलं होतं. तिने दोन्ही वाचले. पहिल्यावर लगेच सही केली. दुसऱ्यावर पेन टेकवून थांबली.

"हा लागला नाही तर फाडून टाकाल ना?"

मोठे डॉक्टर म्हणाले, "तुमच्याच हातात देतो. तुम्ही फाडा."

मग तिने सही केली.

खाटेवर तो डोळे मिटून पडला होता, पण ऐकत होता. कोरड्या ओठांनी म्हणाला, "डॉक्टर, म्हणजे तुमच्याकडे मोठी चावी आहे आणि त्या बाईंकडे लहान."

मोठे डॉक्टर पहिल्यांदाच हसले. "अगदी तसंच. फक्त माझी एकदा बंद झाली की पुन्हा उघडत नाही."

"मग बाईंनाच येऊ द्या."

तो तास तिने कसा काढला, हे ती मला सांगत होती तेव्हाही तिचे हात मांडीवर घट्ट धरलेले होते. खाटेशेजारच्या यंत्रावर रक्तदाबाचा आकडा दिसे. शंभराच्या खाली गेला की नर्स पिशवी दाबी, आकडा थोडा वर येई. नव्वद. शहाण्णव. अठ्ठ्याऐंशी. मोठे डॉक्टर दोनदा येऊन दारात उभे राहिले आणि आकडा बघून गेले. तिसऱ्यांदा आले ते ऑपरेशनसाठी हात धुऊनच आले, कोपरापर्यंत बाह्या दुमडून. तिला कळलं. ती उठून दारात त्यांच्या समोर उभी राहिली. वाद घालायचा नव्हता, म्हणून नुसतीच उभी राहिली. तेवढ्यात जिन्यावरून चपलांचा आवाज आला आणि एक बुटकीशी, केस विस्कटलेली बाई धापा टाकत विचारत आली, "किती आहे?"

"पंच्याऐंशी."

"पुरे. आत घ्या."

ती खोली गार होती. सगळ्यांच्या अंगावर एक्स-रेपासून बचावाचे, शिशाचे जड झगे. त्याला भूल दिली नाही, फक्त जांघेत सुई टोचून तेवढीच जागा बधिर केली. त्यामुळे तो सगळं बघत होता. समोर मोठा पडदा होता आणि त्यावर त्याचंच आतलं चित्र.

"दादा, आता पोटात एकदम गरम वाटेल. लघवी झाली असं वाटेल. झालेली नसेल. हलायचं नाही, श्वास धरा म्हटलं की धरायचा."

"हो बाई."

गरम वाटलं. पडद्यावर एक काळं झाड उमटलं: जाड खोड, त्याला फांद्या, फांद्यांना काटक्या. एका काटकीच्या टोकाशी मात्र धुरासारखा लोट पसरत होता. त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

"ती बघा गळती," तो म्हणाला.

डॉक्टर बाईंनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "काम काय करता तुम्ही?"

"पाणी सोडतो. चावीवाला."

"अरे वा. म्हणजे आपण एकाच खात्यातले."

"बाई, चावी कुठली बंद करणार?"

"शेवटची. टोकाची."

"मधली नाही ना?"

"मधली केली तर तुमची अर्धी किडनी जाईल. मी टोकापर्यंत जाते, वेळ लागला तरी चालेल. बोलू नका आता."

ती नळीच्या आत त्याहून बारीक नळी सरकवत गेली. फांदीतून काटकी, काटकीतून तिची काटकी. एका वळणावर नळी चारदा अडली, तिने मागे घेतली, फिरवून पुन्हा घातली. तो मनात म्हणाला, हिला उलटं फिरवायची पद्धत माहीत आहे. मग तिने केसाएवढ्या तारेची एक गुंडाळी त्या नळीतून सोडली. बाहेर पडताच ती आपोआप वेटोळं होऊन बसली. तिच्याभोवती रक्त गोठतं आणि वाट बंद होते.

"झालं?" त्याने विचारलं.

"बघू."

"बंद केल्यावर पुन्हा ऐकावं लागतं बाई. पहिल्यांदा गप्प वाटतं, पण—"

"दादा, मी बघतेच आहे. श्वास धरा."

पुन्हा गरम वाटलं. पुन्हा झाड उमटलं. लोट गेला होता, पण त्याच जागी अजून एक रेघ होती, अगदी बारीक, पेन्सिलीने ओढल्यासारखी. बाजूची दुसरी काटकीही त्याच फुग्याला पाणी देत होती. त्यालाही ती दिसली. तिने दुसरी गुंडाळी मागितली. ती बसवायला पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागला. बाहेर बसलेल्या त्याच्या बायकोने तेवढ्या वेळात हातरुमालाची एक कड उसवून टाकली.

तिसऱ्यांदा झाड उमटलं. खोड होतं, फांद्या होत्या, काटक्या होत्या. एका कोपऱ्यात तेवढं काही नव्हतं.

"किती घरं कोरडी पडली बाई?"

तिने मास्क खाली ओढला. "दहातलं एक. तेसुद्धा पूर्ण नाही."

"मग चांगलं काम झालं," तो म्हणाला, आणि मग मात्र त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसायला त्याला हात मोकळा नव्हता. नर्सने पुसलं.

बाहेर मोठ्या डॉक्टरांनी दुसरा कागद त्याच्या बायकोच्या हातात दिला. तिने तो तिथेच फाडला, बारीक तुकडे केले आणि पर्समध्ये ठेवले. कचऱ्याच्या डब्यात टाकायचा तिला धीर होईना.

पुढचे दोन दिवस ताप आला, कंबर ठणकली. डॉक्टर बाई म्हणाल्या, बंद केलेला तुकडा मरतो तेव्हा असं होतं, हे धरलेलंच आहे. लघवीच्या पिशवीचा रंग हळूहळू उतरत गेला. या वेळी पिवळी झाली तेव्हा तो स्वतःहून बायकोला म्हणाला, "निवळलंय. भरलंय का ते विचार." रक्ताची तपासणी झाली. किडनी दमली की वाढतो तो रक्तातल्या घाणीचा आकडा थोडा वर गेला आणि तिथेच थांबला. त्या एका किडनीने काम सोडलं नव्हतं.

घरी आल्यावर बायकोने पंधरा दिवस त्याच्याशी धड संभाषण केलं नाही. वेळेवर औषध, वेळेवर जेवण, पण बोलणं 'हो' आणि 'नाही' एवढंच. शेवटी एक दिवस तिने मोठा जाड कागद आणि पेन्सिल आणून त्याच्यासमोर ठेवली.

"हे काय?"

"चाव्या."

"आत्ता?"

"तीन महिने काही उचलायचं नाही म्हणालेत. पेन्सिल उचलता येते."

त्याने पेन्सिल उचलली. तीन महिन्यांत त्याने आमच्या भागाचा नकाशा काढला. एकशे चौदा लहान चाव्या. कुठली पायरीखाली, कुठली वाफ्यात, कुठली आधी पाव फेरा उलटी फिरवायची. तो नकाशा आजही ऑफिसात भिंतीवर आहे, मी मुद्दाम जाऊन पाहिला. अक्षर भयंकर आहे. माझ्या दारासमोरच्या चावीपाशी लिहिलंय, 'शेवटचा दीड फेरा अवघड. दोघांनी मिळून.'

मला हे सगळं कळलं ते महिन्याभराने, बदलीच्या माणसाकडून. त्यानंतर कितीतरी दिवस मी त्याच्या घराची गल्ली टाळली. शेवटी एकदा तो रस्त्यात समोरच भेटला, पोटाला पट्टा बांधून सावकाश फिरायला निघालेला. मी म्हणालो, "तो अर्ज... मला माहीत नव्हतं हो." पुढचं वाक्य तयार करून ठेवलं होतं, ते ऐन वेळी आठवेना.

तो म्हणाला, "अर्ज खोटा कुठे होता काका? दहा दिवस फिरकलो नव्हतोच मी."

"पण त्याच्यामुळे तुम्ही..."

"ती अक्कल माझी. तुमच्या अर्जात चावी फिरवा असं कुठे लिहिलं होतं?" मग थोडं हसून, "अक्षर मात्र सुरेख असतं तुमचं."

एवढंच. मला आणखी बोलायचं होतं. बोललो नाही. पुढे नऊ वर्षं आम्ही रोज एकमेकांना दिसत होतो.

ती किडनी त्याला नऊ वर्षं पुरली, म्हणजे शेवटपर्यंत पुरली. मशीनवर जायची वेळ त्याच्यावर कधी आली नाही. तो गेला तो झोपेत, हृदय थांबून. त्याचा याच्याशी काही संबंध नव्हता, असं डॉक्टर म्हणाले. त्याच्या बायकोने मला दोनदा सांगितलं, "संबंध नव्हता काका." मला समजलं, ती ते माझ्यासाठी सांगत होती.

तो गेला त्याच्या चार दिवस आधी संध्याकाळी दाराची बेल वाजली. तो फाटकापाशी उभा होता. जड चावी कामावरच्या जोडीदाराच्या खांद्यावर होती. त्याच्या स्वतःच्या हातात नुसती ऐकायची बारीक दांडी.

"काका, उद्या सकाळी तुमचं पाणी बंद. दोन तास."

"सगळ्यांचं?"

"नाही, तुमच्यासकट चारच घरांचं."

"आमच्यावरच बरा राग तुमचा."

"गळती तुमच्याच दारात असते, मी काय करू? भरून ठेवा."

"दोनच तास ना?"

"दोनच. जास्त झाले तर अर्ज करा."

"बरं," मी म्हणालो.